गाडी बंद करू नका

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, आणि जोडाक्षर आलं की हात अडतो. त्याबद्दल आधीच माफी मागते, पण कोणाची ते मलाही ठाऊक नाही, कारण हे कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला ओढ्यापलीकडे जावं लागायचं आणि मुलींना ओढ्यापलीकडे पाठवत नसत. जेवढं आलं तेवढ्यावरच लिहिते आहे. तोंडाने बोलायला मला जमत नाही. चार माणसांत काही सांगायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो, आणि जे बोलायला हवं होतं ते घरी आल्यावर कणीक मळताना आठवतं. कागद माझ्या तोंडाकडे बघत बसत नाही.

आम्ही हडपसरला राहतो. मी जेवणाचे डबे करते. आमचे हे आधी एका कंपनीत माल चढवायच्या कामावर होते. ते काम सुटलं तेव्हा माझे थोडेच डबे होते आणि हे ते स्कूटरवर पोचवायचे. पुढे सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेचे डबे मिळाले. परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं, बहुतेक विदर्भाकडची, दिवसभर तिथे बसून वाचतात. एवढे डबे स्कूटरवर मावेनात. गाडी घ्यायची ठरलं, पण पैसे कुठून आणायचे?

पैसे माझ्या नणंदेने दिले. त्या ह्यांच्या थोरल्या बहीण, मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांच्या गल्लीत बायकांची भिशी आहे. दर महिन्याला चिठ्ठी काढतात, जिचं नाव निघेल तिला सगळ्यांचे मिळून पैसे मिळतात. वन्संचं नाव लवकर निघालं. दाजींना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, त्यांनी ते सांगितलंच नाही. पैसे पदराखाली घालून आमच्या घरी आल्या आणि ओट्यावर ठेवले.

"ह्यांना मी सांगितलंय, यंदा नंबर आधीच ठरवलेत, माझा दिवाळीला हाय," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर वरच्या खोलीचं काम काढायचंय त्यांना. तवर मला माझे पैसे परत पायजेत. सगळे."

"देऊ," मी म्हणाले.

"देऊ न्हाय गं. देच. तुला ठाऊक हाय ते कसे हाईत."

मला ठाऊक होतं. एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी ताट भिंतीवर मारलेलं मी बघितलं होतं. नंतर वन्संनीच भिंत पुसली होती.

त्या पैशांत एक जुनी व्हॅन आली. रंग उडालेली, सरकतं दार अर्ध्यात अडकणारी. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की खाली पत्र्याचं झाकण, आणि झाकणाखाली इंजिन. मी ह्यांच्या शेजारी बसायचे आणि डबे मागे ठेवायचे. थोड्या दिवसांतच अभ्यासिकेतल्या एका मुलाने तक्रार केली.

"काकू, राग नका मानू, पण पोळीला पेट्रोलचा वास येतोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी पोळ्या हुंगून बघितल्या. वास होता. हलका, पण होता. जेवणाच्या धंद्यात असली गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. मग आम्ही दोघांनी उपाय केला. माझ्याकडे एक जुनी गोधडी होती, तिचे तुकडे कापून मी जाड उशा शिवल्या. ह्यांनी त्या झाकणाच्या कडेने ठासून बसवल्या, बाजूच्या फटी बुजवल्या, वरून उरलेली गोधडी अंथरली आणि सीट दाबून बसवली. वास गेला. वरून बसायलाही मऊ झालं. हे म्हणाले, "बघ, राजाची गाडी झाली."

उन्हाळा लागला आणि गाडीने नाटकं सुरू केली.

सकाळी हडपसरहून निघताना ती एका झटक्यात सुरू व्हायची. स्वारगेटजवळ काही दुकानांतले डबे असतात. तिथे थांबायचं, गाडी बंद करायची, डबे द्यायचे. परत येऊन चावी फिरवली की घर्र घर्र आवाज यायचा, पण इंजिन धरायचं नाही. पुन्हा फिरवायचं, पुन्हा घर्र घर्र. धक्का मारूनही व्हायची नाही. बराच वेळ तसंच बसलं की मग अचानक, काही झालंच नाही अशी, सुरू व्हायची. तोवर अभ्यासिकेतल्या मुलांची जेवणाची वेळ टळून गेलेली असायची.

शेजारचे म्हणाले, बॅटरी गेली. नवी बॅटरी घातली. सुरुवातीला काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. ह्यांच्या मित्राने सांगितलं, प्लग बदला. प्लग बदलले. दर वेळी घरातून पैसे जायचे, आणि ते वन्संचे पैसे होते असं मला वाटायचं. मी त्यांच्यासाठी डाळीच्या डब्यात नोटा साठवत होते. एकदा त्यातूनच काढावे लागले.

अभ्यासिका बघणारे सर निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. आवाज कधी चढवत नाहीत. पहिल्यांदा उशीर झाला तेव्हा म्हणाले, "आमच्याकडे दुपारचं जेवण दुपारी करायची पद्धत आहे." दुसऱ्यांदा म्हणाले, "आपण चार वाजता आणणार असाल तर सोबत बिस्किटं पण द्या." तिसऱ्यांदा त्यांनी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. ह्यांना तेव्हाच कळलं की आता काहीतरी वाईट ऐकायचं आहे.

"हे पाहा, माझा तुमच्यावर राग नाही. जेवण चांगलं आहे. पण यापुढे एकदा जरी उशीर झाला तरी मी दुसरा डबा बघणार. मुलं उपाशी वाचत बसतात."

हे खाली आले आणि गाडीत बसले. मला घरी गेल्यावर सांगितलं. मी हिशोब केला नाही, करायची गरजच नव्हती. अभ्यासिकेचे डबे गेले तर व्हॅन रिकामी, आणि व्हॅन रिकामी तर दिवाळीला वन्संच्या हातात द्यायला काही नाही. त्याच आठवड्यात वन्संचा फोन आला. कुजबुजत बोलत होत्या.

"आज विचारत होते, भिशी कुठवर आली म्हणून. मी म्हणलं, चालू हाय. माझं कसं चाललंय बघ, रोज खोटं बोलते."

"गाडीचं काम चाललंय वन्सं," एवढंच मी म्हणू शकले.

"गाडी गेली उडत. तू माझं बघ."

मग ह्यांनी ठरवलं, गाडी बंदच करायची नाही. हडपसरला सुरू करायची ती डबे संपेपर्यंत चालू ठेवायची. हे डबे द्यायला उतरले की मी चालू गाडीत बसून राहायचे. इंजिन माझ्या खाली धडधडत असायचं, आणि मला वाटायचं गाडी आपोआप पुढे जाईल, कुणाच्या तरी अंगावर जाईल. हातात काही धरायला नव्हतं. मी डब्याची पिशवी घट्ट धरून बसायचे. ह्यांनी जाताना दर वेळी तेच सांगायचं, "गाडी बंद करू नको हं, कुणीही काही म्हणो." जशी काही मी करणार होते. मी कधी चावीला हातही लावला नव्हता.

काही दिवस ते निभावलं. मग एकदा स्वारगेटला वाहतूक पोलीस आले.

"बाई, गाडी कुणाची?"

मी दुकानाकडे बोट दाखवलं.

"ड्रायव्हर कुठंय? इथं उभी नाही करायची. आणि इंजिन कशाला चालू ठेवलंय? पेट्रोल फुकट मिळतं काय तुम्हाला?"

मला सांगायचं होतं, साहेब बंद करू नका, मग चालू होत नाही. एवढंच वाक्य होतं. तोंडात तयार होतं. पण त्यांनी तोवर खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि गाडी गप्प झाली.

हे धावत आले. हात जोडले. पोलीस म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, काढा आता." चावी फिरवली. घर्र घर्र. पुन्हा घर्र घर्र. मागे बस उभी राहिली, बसमागे रिक्षा. पोलीस थोडा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनीच टोपी सरळ करून मागून धक्का मारायला सुरुवात केली. दोन रिक्षावाले आले. गाडी कडेला गेली, पण सुरू झाली नाही. हे रिक्षा करून डबे घेऊन पेठेत गेले. रिक्षाचे पैसे त्या दिवसाच्या कमाईतून गेले, पण जेवण वेळेत पोचलं. मी गाडीत एकटी बसून होते. सीट गरम होती. हळूहळू कोमट झाली. हे परत आले तेव्हा गाडी एका झटक्यात सुरू झाली.

तिथून आम्ही सरळ आमच्याकडच्या मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलो. हे मिस्त्री वयस्कर आहेत, हडपसर गाव होतं तेव्हापासूनचे. चष्मा दोरीने गळ्यात अडकवतात आणि फुकट सल्ला देत नाहीत. आधी दोनदा त्यांनी व्हॅन बघितली होती आणि दोन्ही वेळा ती त्यांच्यासमोर शहाण्या लेकरासारखी सुरू झाली होती.

"आता काय?" ते म्हणाले. "चालू होऊनच आलीय की."

"तिकडे बंद पडली होती," हे म्हणाले. "तासभर."

"अहो, ताप उतरल्यावर पेशंट आणताय तुम्ही. मी कशाची नाडी बघू? बॅटरी नवी दिसतेय. कुणी सांगितलं बदलायला?"

"शेजारचे म्हणाले."

"धक्क्यानं होते का सुरू?"

"नाही होत."

"मग बॅटरीचा काय संबंध? शेजाऱ्यांकडंच नेली असती गाडी पण." त्यांनी चष्मा लावला. "बंद पडल्यावर पेट्रोलचा वास येतो का?"

"नाही," हे म्हणाले. "वास आता पूर्ण गेलाय."

पूर्ण गेला नव्हता. ह्यांना ठाऊक नव्हतं, कारण गाडी बंद पडली की हे उतरून धक्का मारायला माणसं शोधायचे. मी बसलेली असायचे. थोड्या वेळाने खालून हलका वास यायचा, मग जायचा. मी ते सांगितलं. मला वाटलं मोठ्याने सांगितलं, पण मिस्त्री म्हणाले, "काय म्हणताय वहिनी? जरा जोरात."

"येतो वास. थोडा." मी जमिनीकडे बघत म्हणाले. "आणि सीट गरम असली की गाडी होत नाही. कोमट झाली की होते. मी हात लावून बघते."

हे माझ्याकडे बघत राहिले. "मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

मिस्त्रींनी सीटवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. "म्हणजे ताप असताना बघायला पायजे," ते म्हणाले. "उद्या मी येतो तुमच्याबरोबर. गॅरेज बंद ठेवतो दुपारपर्यंत. पण मला पण एक डबा लागेल. आमच्या घरात कारल्याशिवाय भाजी नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी वांग्याचं भरीत केलं. मिस्त्री मागे डब्यांमध्ये मांडी घालून बसले, हत्यारांची पिशवी मांडीवर. हडपसरहून निघालो तेव्हाच ऊन चढलं होतं. ठरलं होतं असं: अभ्यासिकेचे डबे पोचेपर्यंत गाडी बंद करायची नाही, सगळे डबे देऊन झाले की मग बंद करायची आणि मिस्त्रींनी बघायचं. स्वारगेट नीट झालं. हे डबे देऊन आले, इंजिन चालू होतं, पुढे निघालो.

पेठेत शिरलो. अभ्यासिका तीन-चार घरं पुढे असेल, तेवढ्यात समोर एक टेम्पो आडवा उभा. कपाट उतरवत होते. कपाट दारातून आत जाईना आणि टेम्पो हलेना. हे थांबले. आणि थांबल्याथांबल्या ह्यांचा हात चावीकडे गेला. स्कूटरची सवय. सिग्नलला, गर्दीत, कुठेही थांबलं की हे इंजिन बंद करतात, पेट्रोल वाचवायला.

गाडी बंद झाली.

ह्यांनी चावी पुन्हा फिरवली. घर्र घर्र.

"पळा तुम्ही," मिस्त्री मागून म्हणाले. "डबे घ्या अन् पळा. इकडं मी बघतो."

हे उतरले, डब्यांची एक जाळीदार पेटी उचलली आणि पळाले. एका खेपेत सगळे डबे जाणार नव्हते. मी उतरून दुसरी पेटी उचलायला गेले तर मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तुम्ही हिकडं लागणार मला."

त्यांनी सीट उचलली आणि थांबले.

"हे काय?"

मी गोधडीचं टोक बाजूला केलं.

"इंजिनाला गोधडीत गुंडाळलंय? बाळंतीण हाय का ही? शेक देताय?" ते हसत हसत एक उशी ओढून काढायला लागले. उशी त्यांच्या हातात आली आणि हसणं थांबलं. त्यांनी ती नाकाशी नेली. माझ्याकडे धरली. एका बाजूने ती ओली होती.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. वरच्या खिडकीतून एक आजोबा म्हणाले, "अहो, हा रस्ता आहे. दुरुस्तीसाठी गॅरेज नावाची एक सोय असते."

मिस्त्रींनी वर बघितलं. "आजोबा, इथं पेट्रोल सांडलंय. देवापुढची उदबत्ती खिडकीत असेल तर आत घ्या."

खिडकी बंद झाली. मागची मोटारसायकल आपोआप मागे सरकली.

मिस्त्रींनी सगळे तुकडे भराभर बाहेर काढले आणि लांब गटाराच्या कडेला टाकले. चारी दारं उघडायला लावली. खाली एक रबरी नळी होती, जुनी, कडक झालेली. टोकाला तडा होता. त्यांनी ते टोक कापून टाकलं, नळी पुन्हा ओढून बसवली, वर क्लिप आवळली, फडक्याने सगळं पुसलं. हे सगळं करताना ते पुटपुटत होते, "ताप उतरायच्या आत, ताप उतरायच्या आत." मी सीटच्या पत्र्यावर लांबून हात धरला. अजून चटका बसत होता. मला पहिल्यांदा वाटलं, गरमच राहू दे.

मग त्यांनी पिशवीतून एक लांब वायर आणि एक जुना प्लग काढला. वायर आत जोडली, दुसरं टोक गाडीच्या पुढे लांब नेऊन प्लग बंपरला टेकवला.

"ठिणगी पडते का बघायची. आत नाही बघायची, बाहेर. वहिनी, ड्रायव्हरच्या जागी बसा आणि मी सांगितलं की चावी फिरवा."

"मला नाही येत."

"चावीच आहे. कपाटाची फिरवता तशी. गिअर मी काढलाय, गाडी कुठं जात नाही."

मी बसले. चावी माझ्या हातात होती. पेट्रोलचा वास अजून नाकात होता आणि मी विचार करत होते, इतके दिवस मी यावरच बसत होते, रोज, पिशवी घट्ट धरून.

"फिरवा!"

फिरवली. घर्र घर्र.

"बस! ठिणगी नाही," मिस्त्री म्हणाले. आवाजात आनंद होता, जसा हरवलेली वस्तू सापडली की येतो. "पेट्रोलचा प्रश्न नाही. करंटच नाही. पाणी आहे का?"

प्यायच्या पाण्याची बाटली होती. त्यांनी फडकं भिजवलं, पिळलं आणि आत एका काळ्या डब्यासारख्या वस्तूवर गुंडाळलं. पाणी चर्र करून वाफ झालं. पुन्हा भिजवलं, पुन्हा गुंडाळलं. "ही कॉइल. ठिणगी हीच तयार करते. गरम झाली की मान टाकते, गार झाली की उठते. आणि तुम्ही तिच्यावर गोधडी घातलेली."

हे दुसरी खेप न्यायला परत आले. घामाने शर्ट चिकटला होता. मला ड्रायव्हरच्या जागी बघून क्षणभर थांबले. दुसरी पेटी उचलली आणि गेले.

मिस्त्री फडकं बदलत राहिले. टेम्पोतलं कपाट एकदाचं आत गेलं, टेम्पो निघून गेला, आणि आता गल्लीत अडून बसलो होतो ते आम्हीच. मागे माणसं जमली होती. मी पुढे बघत राहिले.

"वहिनी. आता."

फिरवली.

"पडली! पडली ठिणगी. निळी."

त्यांनी वायर काढली, जिथली तिथे जोडली. मला म्हणाले, आणखी एकदा. मी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. धडधड माझ्या पायांतून वर आली. मी घाबरून चावी तशीच धरून ठेवली तेव्हा मिस्त्री ओरडले, "सोडा, सोडा आता, झाली!"

राहिलेल्या डब्यांसह आम्ही अभ्यासिकेच्या दारात पोचलो. हे जिन्यात उभे होते. सरांनी घड्याळ बघितलं होतं म्हणे, आणि म्हणाले होते, "अर्धे वेळेवर, अर्धे उशिरा. म्हणजे मी अर्धा रागावतो. महिनाअखेर बघू."

परत येताना मिस्त्रींनी गाडीतच भरीत खाल्लं. बोटं पुसत मला म्हणाले, "वास गेला म्हणजे पेट्रोल गेलं असं नसतं वहिनी. नशीब बलवत्तर तुमचं." हडपसरला पोचल्यावर नवी कॉइल घातली, नळी पूर्ण बदलली. मिस्त्रींनी फक्त सामानाचे पैसे घेतले आणि मजुरीबद्दल महिनाभर डबा. गोधडीच्या उशा मी फेकून दिल्या. आता सीट पुन्हा टणक आहे आणि जेवणाला जेवणाचाच वास येतो. गाडी बंद करून पुन्हा चालू करताना मात्र ह्यांचं बोट अजून क्षणभर अडतं, आणि मी पिशवी घट्ट धरते.

महिनाअखेरीला सर काहीच बोलले नाहीत. पुण्यात याचा अर्थ हो असा असतो. पुढे मुलींच्या एका वसतिगृहाचेही थोडे डबे मिळाले. जमेल तसे पैसे मी वन्संकडे पोचवत होते. बरेचसे गणपतीपर्यंत फिटले. पण दिवाळी जवळ आली तसं कळलं, अभ्यासिकेतली मुलं गावी जाणार आणि पैसे परत आल्यावर देणार. म्हणजे शेवटचा हप्ता दिवाळीनंतर. वन्संना तो आधी हवा होता.

हे म्हणाले, मी सरांशी बोलतो. पण ह्यांना त्या खुर्चीची धास्ती होती, ते दारापर्यंत जायचे आणि नुसते डबे ठेवून यायचे. असं दोनदा झालं. तिसऱ्या दिवशी मीच उतरले आणि जिना चढले. सर हिशोब लिहीत होते.

"सर, मुलं गावी जायच्या आधी या महिन्याचे पैसे मिळतील का? आम्हाला कुणाचे तरी द्यायचे आहेत. दिवाळीच्या आत."

घसा कोरडाच होता. पण वाक्य संपलं.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण बोलता होय! मला वाटलं होतं, जेवण करणारं कोणी वेगळं आणि गाडीत बसणारं कोणी वेगळं." मग कप्पा उघडला. "मुलांकडून मी वसूल करतो. हे घ्या. आणि चकल्या करणार असाल तर आमच्याकडेही पाठवा, विकत घेईन."

वसुबारसेला मी वन्संकडे गेले. दाजी बाहेर खाटेवर बसून पेपर वाचत होते. मला म्हणाले, "काय, गाडी पळते का?"

"पळते," मी म्हणाले आणि आत गेले.

वन्सं करंज्या तळत होत्या. मी पिशवीतून रुमालात बांधलेले पैसे काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी गॅस बारीक केला, हात पुसले, दाराकडे पाठ केली आणि बोटाला थुंकी लावून एकेक नोट मोजली. मग मागच्या वेळचे, आधीचे, सगळे मसाल्याच्या डब्यामागून काढून त्यात मिसळले आणि पुन्हा मोजले.

"भरले गं," त्या म्हणाल्या. "सगळे भरले."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. या वेळी कुजबुजत नव्हत्या. दाजींना भिशी निघाली म्हणून सांगितलं, सगळे पैसे त्यांच्या हातात दिले, दाजींनी मोजले आणि विटांची गाडी सांगायला गेले. आमच्याकडे त्यांचं काही येणं राहिलेलं नाही.